वाळा: औषधाचा आणि बांधाचा

वैशाख लागला की आपल्या परभणी जिल्ह्यात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि घरोघरी पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी पडते. अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नावाने जो उदककुंभ द्यावयाचा, त्यातील पाण्यासही वाळ्याचा वास असावा, असा पुष्कळ घरांत रिवाज आहे. पूर्वी उन्हाळ्यात कचेऱ्यांच्या दारांस वाळ्याचे पडदे बांधून त्यांवर पाणी शिंपीत असत. माझ्या नोकरीच्या आरंभी एका तहसील कचेरीच्या अडगळीत असा एक जुना पडदा मी स्वतः पाहिला आहे. याप्रमाणे वाळा आपल्या परिचयाचा आहे खरा. पण तो उगवतो कोठे, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण "बाजारातून आणतो" एवढेच सांगतील. जे गवत आपल्या ओढ्यानाल्यांच्या काठी वाढत होते, ते आज आपण किराणा दुकानातून तोळ्याच्या हिशेबाने विकत घेतो, ही गोष्ट शेतकऱ्यास शोभणारी नाही.

वाळ्याच्या औषधी गुणांविषयी लिहावे अशी सूचना काही सभासद बंधूंनी केली, म्हणून हा लेख लिहिण्यास बसलो. मी वैद्य नव्हे; महसूल खात्यातील निवृत्त कारकून आहे. मराठी शाळेत जे थोडे शिकलो त्याच्या बळावर जुने ग्रंथ अर्थासह वाचण्याची सवय ठेवली, एवढेच. तथापि औषधी गुण सांगून थांबणे मला योग्य वाटत नाही. कारण वाळ्याचे औषध मुळात आहे, आणि मूळ काढावयाचे म्हणजे जमीन खणावी लागते. कोणती जमीन खणावी आणि कोणती खणू नये, याचा निर्णय आधी झाला नाही तर शरीराचा दाह शमविण्याच्या नादात शेत गमावण्याची पाळी येते. हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. ती हकीकत पुढे ओघाने येईल.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. आयुर्वेदात वाळ्यास उशीर म्हणतात, आणि ज्या गवताचे ते मूळ त्या गवतास वीरण असे नाव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात औषधांचे 50 गण सांगितले असून प्रत्येक गणात 10 द्रव्ये आहेत. दाह शमविणाऱ्या गणात चंदन, ज्येष्ठमध, अनंतमूळ, गुळवेल यांच्या जोडीस उशीर आहे. अंगकांती सुधारणाऱ्या गणातही तो आहे. बाळंतिणीस दूध आणणाऱ्या गणात तर वीरण हे पहिलेच नाव असून त्याच्या पाठोपाठ साळी, साठीचे भात, दर्भ, कुश अशी तृणजातीचीच द्रव्ये येतात. भावप्रकाशात उशीराचे वर्णन कर्पूरादि वर्गात केले आहे. तो चवीस कडवट व किंचित गोड, पचनास हलका आणि गुणाने थंड मानला आहे. तहान, अंगाची आग, ताप, घामाची दुर्गंधी, लघवीची जळजळ या तक्रारींवर वैद्य त्याची योजना करीत आले आहेत. भैषज्यरत्नावलीत रक्तपित्तावर सांगितलेला उशीरासव आजही औषधांच्या दुकानात मिळतो.

तापात तहान फार लागते, त्यावर चरकाने षडंगपानीय सांगितले आहे. त्यातील सहा द्रव्ये अशी: नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, काळा वाळा आणि सुंठ. शार्ङ्गधराच्या प्रमाणाने 1 तोळा औषधास 64 तोळे पाणी घ्यावे, ते मंद आचेवर निम्मे आटवावे, गाळून निववावे आणि रोग्यास थोडे थोडे पाजावे. आजच्या मापाने सांगावयाचे तर 12 ग्रॅमच्या आसपास भरड आणि पाऊण लिटर पाणी होते. या सहांपैकी नागरमोथ्याची जात आपल्या शेतात फुकट वाढते. तिला आपण लव्हाळा म्हणून शिव्या देत उपटून टाकतो.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. वरील पाठात वाळा आणि काळा वाळा अशी दोन द्रव्ये वेगवेगळी दिली आहेत. काळा वाळा, ज्यास संस्कृतात ह्रीबेर किंवा उदीच्य म्हणतात, तो मुळी गवतच नव्हे. ती निराळी वनस्पती आहे. बाजारात मात्र एकाच्या नावावर दुसरा सर्रास देतात. दुसरी फसवणूक अशी की, अर्क काढून घेतलेली निःसत्त्व मुळे पुन्हा वाळवून जुड्या बांधून विकतात. चांगल्या वाळ्याचे मूळ पिवळसर, लांब व चिवट असते, आणि पाण्यात भिजताच त्याचा मातीसारखा गोड वास दरवळतो. जुडी तीन-चार वेळा भिजवूनही वास देत राहिली तर ती अस्सल समजावी. पहिल्याच भिजवणीत वास संपला तर पैसे पाण्यात गेले असे समजावे.

आता मर्यादा सांगतो, कारण गुण सांगणारे पुष्कळ भेटतात आणि मर्यादा सांगणारा क्वचितच भेटतो. वाळ्याची जुडी माठात टाकल्याने पाणी सुगंधी व रुचकर होते, शुद्ध होत नाही. गढूळ अथवा दूषित पाण्यातील रोगजंतू वाळ्याने मरत नाहीत. त्यास उकळणे किंवा क्लोरीन हाच उपाय. जुडीही दर दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवावी, नाहीतर तीच कुजून पाणी नासवते. जुलाबाने अंगातील पाणी गेले असता साखर-मिठाचे प्रमाणशीर पाणी, म्हणजे दवाखान्यात मिळणारी क्षारसंजीवनी, हेच द्यावे. सर्दी व कफाच्या मनुष्यास वाळ्याचे गार पाणी मानवत नाही, असे आमच्या गावचे वैद्य सांगत असत. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, उन्हात काम करता करता एखादा माणूस बरळू लागला, शुद्ध हरपू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात होय. अशा वेळी वाळ्याचा काढा करीत बसणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. त्यास सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि 108 क्रमांकास कळवून तत्काळ रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये. तसेच दोन-तीन दिवसांत न उतरणारा ताप डेंग्यूचा की विषमज्वराचा हे रक्त तपासल्यावाचून कळत नाही. घरगुती औषध घराच्या मर्यादेत चांगले. मर्यादा ओलांडली की त्याचेच अपथ्य होते.

वाळ्याखेरीज आणखी दोन सुवासिक गवते आपल्या लोकांस माहीत आहेत. त्यांचा येथे विचार करण्याचे कारण औषधापेक्षा शेतीचे आहे. पहिले गवती चहा. ताप, सर्दी, अंगदुखी यांवर आले घालून त्याचा काढा आपण घेतो; आणि तो परसात, मोरीच्या पाण्यावर, कोणाच्याही देखरेखीवाचून वाढतो. दुसरे रोशा गवत, ज्यास ग्रंथांत रोहिष किंवा कत्तृण म्हटले आहे. हे गुणाने उष्ण असून खोकला, ताप व सांध्यांचा ठणका यांवर सांगितले आहे. त्याच्या मोतिया व सोफिया अशा दोन जाती असून मोतियाचे तेल अधिक मोलाचे. इंग्रजी अमदानीत खानदेशच्या डोंगराळ भागात या तेलाच्या भट्ट्या चालत. ते तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळण्याच्या कामी येई. या दोन गवतांचे सार पानांत किंवा फुलोऱ्यात आहे. वरून कापले तरी बुडखा जमिनीतच राहतो, आणि पुन्हा फुटतो. वाळ्याचे तसे नाही. त्याची पाने जवळजवळ बिनवासाची. सारे सार भूमीच्या पोटात. गवती चहा कापणारा गवळ्यासारखा दूध काढतो. वाळा खणणारा गाय विकतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे माझे पुढील म्हणणे समजण्यास अडचण पडणार नाही.

आता ती हकीकत. सेलू तालुक्यात दुधना नदीस मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आमची वडिलोपार्जित जमीन आहे. माझ्या लहानपणी त्या काठावर वाळ्याची दाट रांग होती. ती कोणी लावली हे वडिलांसही ठाऊक नव्हते. गावचे वैद्य चैत्रात येत, आणि आमच्या आईस विचारून एखाद्या ठोंबाची एकच बाजू उकरून मूठभर मुळे घेत. मग उकरलेली माती परत लोटून पायाने दाबीत व वर घागरभर पाणी घालावयास लावीत. "वहिनी, निम्मे रोग्याचे, निम्मे ओढ्याचे," असे ते म्हणत. मला त्या वेळी ती म्हाताऱ्या माणसाची एक लकब वाटे.

पुढे मी नोकरीनिमित्त तालुक्याच्या गावी राहू लागलो आणि शेत वाट्याने दिले. सुमारे वीस वर्षांपूर्वी मुळे खरेदी करणारा एक व्यापारी गावात आला. त्याने काठावरील साऱ्या वाळ्याची उक्ती किंमत सांगितली. गवताचे पैसे येतात, गुरांच्या वैरणीसही ते फारसे उपयोगी नाही, मग अडचण कसली, असा विचार करून मी होकार दिला. चार दिवसांत मजुरांनी दोन-अडीच हात खोल चर खणून सगळी रांग काढून नेली. मला जे पैसे मिळाले त्यात घरी एक शिवणयंत्र आले. पहिल्या पावसाळ्यात काठावर नुसत्या भेगा दिसल्या. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्रीत ओढ्याने काठ धरला, आणि सकाळी पाहतो तो सात गुंठे जमीन पाण्यात गेलेली. ती आमच्या शेतातील उत्तम मळईची जमीन होती, जिच्यावर आई हळद लावीत असे. तो व्यापारी पुन्हा आला नाही, आणि आला असता तरी त्यास बोल लावण्यास मला तोंड नव्हते. परवानगी माझीच होती.

माझे सारे आयुष्य सातबाराच्या उताऱ्यांत गेले. नदीने जमीन खाल्ली तर आकार कमी करून देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि असे अर्ज मी आपल्या हाताने नोंदविले आहेत. मात्र अर्जदार म्हणून जेव्हा मीच उभा राहिलो तेव्हा समजले, की कागदावर आकार कमी होतो, जमीन परत येत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली व जे पूर आले, त्यांत कित्येकांची शेते वरच्या मातीसकट खरडून गेली. सरकारी मदत मिळाली तरी तीन पिढ्यांची माती तीन वर्षांत भरून येत नाही, हे वाचकांपैकी अनेकांनी सोसले आहे. अशा वेळी काठ धरून ठेवणाऱ्या गवताची किंमत व्यापाऱ्याच्या तराजूत मोजणे, ही माझी चूक होती. तीच चूक आता इतरांनी करू नये, एवढ्याकरिता ही घरची गोष्ट छापण्यास दिली आहे.

असे होते ते वाळ्याच्या मुळांच्या रचनेमुळे. त्याची मुळे हरळीसारखी आडवी पसरत नाहीत. ती सरळ खाली जातात, आणि चांगल्या जमिनीत 3 मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही खोल पोहोचतात. म्हणून ती माती शिवल्यासारखी धरून ठेवतात आणि शेजारच्या पिकाचे पाणीही फारसे ओढत नाहीत. वरचे ताठ बुंधे एकमेकांस लागून उभे राहिले म्हणजे वाहत्या पाण्याचा वेग मोडतो, पाणी गाळून पुढे जाते व गाळ मागे बसतो. काही वर्षांत रांगेच्या वरच्या अंगास मातीची पायरी आपोआप तयार होते. आपल्या खोल काळ्या जमिनीत नुसता मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिल्या जोराच्या पावसात त्या भेगांतूनच फुटतो. 1972 च्या दुष्काळी कामांपासून घातलेल्या किती बांधांची ही गत झाली, ते आपण पाहिलेच आहे. गवताची रांग मात्र भेगाळत नाही, आणि वर्षागणिक दाट होत जाते.

हा माझा एकट्याचा शोध नव्हे. कर्नाटकात म्हैसूरकडील गुंडलुपेट भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या रांगा राखीत आले आहेत. 1980 नंतरच्या दशकात जागतिक बँकेतर्फे हिंदुस्थानात काम करणारे ग्रीनफील्ड व ग्रिमशॉ या तज्ज्ञांनी मृदसंधारणासाठी याच गवताचा पुरस्कार केला, आणि पुढे अनेक देशांनी ते स्वीकारले. ग्रीनफील्ड यांनी त्यापूर्वी फिजी बेटांत उसाच्या मळ्यांतून त्याचा अनुभव घेतलेला होता. म्हणजे आपल्याच देशातील गवताचा गुण जगभर फिरून आपल्याकडे परत आला.

याच्या उलट चित्र हैती देशाचे आहे. वाळ्याच्या तेलाचा मोठा पुरवठा तेथून होतो, आणि अत्तराचे कारखानदार त्यास उत्तम मोल देतात. परंतु तेथील गरीब शेतकरी डोंगरउतारावरची मुळे खणतो, गरजेपोटी ती तयार होण्याच्या आधीच काढतो, आणि सैल झालेली माती पावसाने समुद्रात जाते. गवत एकच. गुंडलुपेटात ते उभे ठेवले म्हणून जमीन राहिली, हैतीत ते खणले म्हणून जमीन गेली. आमच्या ओढ्याकाठी हे दोन्ही प्रकार मी एकाच जन्मात पाहिले.

यावर कोणी म्हणेल, मग वाळा औषधासाठी काढूच नये काय? माझे म्हणणे तसे नाही. माझे मत असे की, प्रत्येक शेतकऱ्याने दोन वाळे राखावेत: एक बांधाचा आणि एक औषधाचा. बांधाच्या वाळ्यास कुदळ लावू नये. औषधाचा वाळा बांधावर लावू नये. हा नियम घरातील मुलाबाळांस देवघरातील नियमासारखा सांगून ठेवावा.

बांधाचा वाळा असा लावावा. पावसाळ्याच्या तोंडाशी जुन्या ठोंबाचे दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत. पाने वीतभर व मुळे चार बोटे ठेवून छाटावीत. उताराशी काटकोनात, समपातळीवर, 10 ते 15 सेंटिमीटर अंतराने एकच रांग लावावी. 100 मीटर रांगेस सुमारे 700 ते 1000 तुकडे लागतात. मध्ये फट राहू देऊ नये, कारण फटीतून पाणी जोराने जाते आणि तेथेच घळ पडते. मेलेल्या जागी पुढच्या पावसात नांगे भरावेत. पहिले वर्ष गुरे व तण यांपासून जपावे. नंतर वर्षातून दोन वेळा गुडघ्याएवढे राखून वरून कापावे. कोवळा पाला गुरे खातात, जून पाला छपरास, आच्छादनास व कंपोस्टास उपयोगी पडतो. झाडाच्या गर्द सावलीत हे गवत नीट वाढत नाही, एवढे ध्यानात असावे. बी धरून पसरणाऱ्या रानटी जातीऐवजी बी न धरणारी जात निवडावी, म्हणजे शेतात नवे तण आणल्याचा दोष येणार नाही.

औषधाचा वाळा परसात लावावा. आपल्या भारी काळ्या मातीत मुळे खणणे कष्टाचे असते; ती तुटतात आणि मातीने माखतात. त्यासाठी जुन्या पोत्यांत किंवा विटांच्या उंच वाफ्यात वाळू, पोयटा व शेणखत मिसळून भरावे आणि त्यात ठोंब लावावेत. मोरीचे पाणी त्यास पुरते. पंधरा ते अठरा महिन्यांनी पोते फाडले की स्वच्छ, अखंड मुळे हाती येतात. वरचा बुडखा लागलीच दुसऱ्या पोत्यात लावावा. मुळे धुऊन सावलीत वाळवावीत. चार पोती असली तर एका कुटुंबाच्या माठास, काढ्यास व शेजारधर्मासही वाळा पुरून उरेल.

तेलासाठी वाळ्याची मोठी लागवड करण्याचा सल्लाही हल्ली पुष्कळ ऐकू येतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (स्थापना 1959) केसरी, गुलाबी, धारिणी अशा जाती काढल्या आहेत, आणि वाळूच्या जमिनीत हे पीक पैसा देते यात शंका नाही. तमिळनाडूत कडलूरच्या वाळूच्या किनारपट्टीवर ते चांगले येते. पण आपल्याकडील शेतकऱ्याने सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माझ्या जमिनीत वाळू किती? भट्टी किती कोसांवर? माल घेणारा कोण, आणि भाव लेखी देतो काय? खणलेल्या जमिनीवर लगेच दुसरे पीक उभे राहील काय? 100 किलो सुक्या मुळांतून तेल निघते ते किलोभराच्या आसपास. गवती चहाची भट्टी तीन-चार तासांत उतरते, तर वाळ्याच्या मुळांस चौदा तासांहून अधिक वेळ वाफ द्यावी लागते. सरपण व मजुरी त्या मानाने धरावी. ज्याची जमीन सपाट, हलकी व पाण्याखाली आहे त्याने विचार करावा. ओढ्याकाठच्या, उताराच्या व काळ्या जमिनीवाल्याने या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नदीनाल्यांचे पात्र तर सरकारच्या मालकीचे आहे. तेथील वाळा खणण्याचा व्यवहार कोणी सांगितला तर तो कायद्यासही धरून नाही, हे ध्यानात ठेवावे.

काही आक्षेपांचा विचार करून लेख संपवितो. एक आक्षेप असा, की बांधावर गवत ठेवले तर विंचूकाट्याचे भय वाढते. वर्षातून दोनदा कापलेल्या रांगेत ते अधिक होते असे मला आढळले नाही. न कापलेल्या कोणत्याही बांधावर ते असणारच. दुसरा आक्षेप, लहान खातेदाराची जमीन अडते. रांगेस हातभर रुंदी लागते. मी सात गुंठे घालवून बसलो आहे, तेव्हा हा हिशेब मला कोणी शिकवू नये. तिसरे म्हणणे, शेजारी बांध कोरतो, मग लावून काय उपयोग? याचे उत्तर मी माझ्या धंद्याच्या अनुभवाने देतो. बांधाच्या तंट्याच्या फायली मी इतक्या हाताळल्या, की त्यांतील सरी सरी मोजीत दोन घराणी उद्ध्वस्त झालेली पाहिली. मोजणीचा दगड रात्रीत सरकतो. वाळ्याची जुनी रांग रात्रीत सरकत नाही. दोघां शेजाऱ्यांनी मोजणी करून घेऊन हद्दीवर एकत्र रांग लावली, तर वकिलाची फी वाचेल आणि माठाच्या पाण्यास दोघांच्याही घरी वास येईल.

आपल्या संस्थेस माझी नम्र सूचना अशी. संस्थेच्या जागेत वाळ्याच्या ठोंबांची लहानशी रोपवाटिका करावी, आणि येत्या पावसाळ्यापासून सभासदांस लागवडीच्या खर्चाएवढ्याच दरात तुकडे द्यावेत. परभणीस 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. कोणती जात घ्यावी याविषयी तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जो सभासद ठोंब नेईल त्याने दोन वर्षांनी तितकेच परत आणून द्यावेत, अशी अट घातली तर संस्थेस तोशीस पडणार नाही आणि गवत गावोगाव जाईल.

गेल्या साली सेवानिवृत्त झाल्यावर मी पहिले काम केले ते हेच. उरलेल्या काठावर वाळ्याची रांग लावली. ती अद्याप कोवळी आहे. पहिल्या पावसात तिच्यातील काही ठोंब वाहून गेले, ते पुन्हा लावले. गेलेले सात गुंठे परत येणार नाहीत, हे मी जाणून आहे. परसात चार पोतीही भरली आहेत. येत्या वैशाखात आमच्या माठात बाजारची जुडी पडणार नाही, आणि मुळे काढताना निम्मे रोग्याचे व निम्मे ओढ्याचे हा त्या वैद्यांचा हिशेब मी नातवंडांस शिकविणार आहे. वाचक बंधूंनी या लेखातील काही पटले तर अनुभव घ्यावा, आणि चुकले असल्यास याच मासिकातून दुरुस्त करावे, ही विनंती.

— एक निवृत्त महसूल कारकून, सेलू, जि. परभणी